रात्र कशानं बिघडते? विशीपासून सत्तरीपर्यंतचा मुक्काम आखताना

१९८४ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा हरिश्चंद्रगडावर राहिले. वय वर्षं वीस. कल्याणहून एसटीनं खुबी फाटा, तिथून चालत खिरेश्वर, मग तोलार खिंड. माझ्याकडे एक सोलापुरी चादर, आईची जुनी सतरंजी आणि विजेरी. सहा जणींत मिळून एक पंपाचा स्टोव्ह होता आणि त्याचं भोक मोकळं करायची पिन डोंबिवलीत राहिली होती. देवळाजवळच्या लेण्यात आम्ही झोपलो, म्हणजे आडव्या झालो. पहाटे तीनला सहाही जणी उठून बसल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन, आणि उजाडायला किती वेळ आहे हे दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारत होतं.

गेल्या फेब्रुवारीत त्याच सहांपैकी चौघी भंडारदऱ्याला पाण्याकाठी तंबूत राहिलो. रात्रीतून याही वेळी चौघी उठल्या, पण आपापल्या वेळेला, एकाच कामासाठी, आणि परत येऊन झोपल्या.

मधल्या चाळीसेक वर्षांत ओळखीतल्या कितीतरी जणांचा मुक्काम सुटला. विचारलं की उत्तर एकच, “आता वय झालं.” जरा खोदलं की खरी गोष्ट बाहेर येते. पंचेचाळिशीत विशीच्या सवयीनं एक रात्र काढायला गेले, पाठ धरली, सॅक माळ्यावर गेली ती गेलीच. दिवस कसाही निभतो हो. रात्र बिघडली की माणूस पुन्हा येत नाही. आणि रात्र बिघडवणारी गोष्ट दर दहा-बारा वर्षांनी बदलते. विशीत थंडी आणि ओल, मूल झालं की मूल, चाळिशीपुढे पाठ, साठीनंतर अंधारातली वाट. तेव्हा सामानाची यादी करण्याआधी हे बघायचं, की आत्ताच्या वयात माझी रात्र कशानं बिघडेल? बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

आधी मागची रात्र लिहून काढा

शेवटच्या मुक्कामाची रात्र आठवा आणि कागदावर वेळा लिहा. किती वाजता झोपलात, कितीदा जाग आली, कशानं आली. “झोप नीट झाली नाही” असं मोघम नको. “साडेबाराला कमरेखाली गार लागलं”, “दोनला लघवीला उठायचं होतं पण बूट सापडेनात म्हणून तासभर तशीच पडले”, “चारला बाहेरच्या कापडावरचं दव तोंडावर टपकलं”, असं लिहा. माझ्याकडे अशी एक वही आहे. तिच्यात सामानाबद्दल फार थोडं आहे, तक्रारीच जास्त आहेत, आणि पुढच्या वेळी काय न्यायचं ते त्या तक्रारीच सांगतात.

कुणाबरोबर जाणार असाल तर त्यांनाही हेच विचारा. जागा, अंतर आणि महिना ठरवायचा तो गटातल्या सगळ्यात कच्च्या झोपेच्या माणसाकडे बघून. जो सगळ्यात पुढे चालतो त्याला कुठेही झोप लागते, त्याचा सल्ला घेण्यात अर्थ नाही.

विशी: उणं करायला शिका

या वयात पैसे नसतात, अंग असतं. हे बरं आहे. महागडं सामान लगेच घेऊ नका. तंबू आणि झोपायची पिशवी मुंबई-पुण्यात भाड्यानं मिळते. पहिले चार-पाच मुक्काम भाड्याच्या सामानावर काढा, म्हणजे आपल्याला काय लागतं ते कळेल. विकत घ्यायच्याच तर तीन गोष्टी घ्या: पायाला बसणारे बूट, डोक्याला लावायची विजेरी आणि कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून नेता येणारी फोमची चटई.

कॅरीमॅटवर जरा थांबते, कारण विशीतली थंडी वरून येत नाही, खालून येते. कातळ किंवा शेणानं सारवलेली जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. वर दोन चादरी घेऊन उपयोग नाही, कारण अंगाखाली दबलेली चादर चपटी होते आणि ऊब धरत नाही. त्या १९८४ च्या रात्री आमच्याकडे पांघरुणं कमी नव्हती, अंथरूण पुरेसं नव्हतं. आज मी कुणालाही सांगते, एक चादर कमी न्या पण खाली दोन थर घाला. कॅरीमॅट नसेल तर वर्तमानपत्राचे जाड थर, त्यावर सतरंजी. पुठ्ठाही चालतो.

हवेचा अंदाज असा काढा. हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. कळसूबाई १६४६ मीटर, हरिश्चंद्रगड १४०० च्या वर. म्हणजे कल्याणला रात्री १८ अंश असतील तर गडावर दहाच्या आत समजा, आणि वारा असेल तर त्याहून गार लागेल.

मग झोपायच्या वेळचा क्रम, जो मी अजूनही मोडत नाही. घामाचे कपडे संध्याकाळी काढायचे, आतल्या बनियनसकट. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवलेला असतो, तो फक्त झोपायला. कोरडे मोजे. जेवण गरम आणि तूप घालून. झोपायच्या आधी दहा मिनिटं चालून यायचं, लघवीला जाऊन यायचं. थंड अंगानं पिशवीत शिरलात तर ती पिशवी ऊब कुठून आणणार?

स्वयंपाकाला आम्ही तीन दगडांची चूल मांडायचो. सरपण गोळा करायचं, आणि पातेल्याला बाहेरून चिखलाचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे काजळी भांड्याला न धरता मातीला धरते आणि सकाळी एका हातानं निघते. युक्ती अजून शिकण्यासारखी आहे, चूल मात्र आता जंगलात नको. अभयारण्यात जाळ करायला बंदी असते, आणि फेब्रुवारीनंतरचं वाळलेलं गवत एका ठिणगीला पुरतं. गॅसचा छोटा बर्नर घ्या. २३० ग्रॅमच्या कॅनवर वारा आडवला तर पंधराएक लिटर पाणी उकळतं, चौघांच्या एका मुक्कामाला ते भरपूर झालं. रेल्वेनं जाणार असाल तर कॅन नेऊ नका, डब्यात ज्वलनशील वस्तू चालत नाहीत. गावात जेवण सांगून ठेवलेलं उत्तम, पिठलं-भाकरी आपल्यापेक्षा त्यांच्याच हातची चांगली होते.

गडावर राहण्याबद्दलही सांगायला हवं. राजगडाच्या पद्मावती देवळात झोपलेली आमची पिढी आहे. ते दिवस आठवून नातवंडांना तिकडे पाठवू नका. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली स्मारकं सूर्यास्तानंतर बंद होतात, राज्याच्या किल्ल्यांवरही अनेक ठिकाणी रात्री थांबू देत नाहीत. राजगडासह बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेल्यावर तर डोळ्यांत तेल घालून बघितलं जातं. पायथ्याच्या गावात किंवा वनखात्याच्या नाक्यावर विचारून मगच निघा. खाली गावात मुक्काम करून पहाटे गड चढणं हाही मुक्कामच आहे.

मुलींसाठी दोन शब्द, जे आम्हाला कुणी सांगितले नाहीत. पाळी येण्याच्या तारखेला घाबरून ट्रेक रद्द करू नका. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घाला, पिशवीला गाठ मारा आणि घरी परत आणा. पुरू नका, कुत्री आणि रानडुकरं उकरतात. शौचाला पाण्यापासून ऐंशी-शंभर पावलं लांब जायचं, खुरप्यानं वीतभर खड्डा करायचा, माती लोटायची. आणि अंधारात “मी इकडे चाललेय” असं एकीला तरी सांगून जायचं.

स्वतःचा तंबू: जागा आधी, तंबू नंतर

पंचविशी-तिशीत पगार सुरू होतो आणि तंबू घ्यावासा वाटतो. मी १९९५ साली घेतला. दुकानदार म्हणाला “तीन जणांचा”. तीन जण म्हणजे सामान बाहेर आणि कुणीही कुशीवर वळायचं नाही. म्हणून माणसं अधिक एक, असा हिशेब करा. दोन थरांचा घ्या, आत जाळीचा आणि वरून पावसाचं कापड. कापडाच्या पाणीरोधकतेचा आकडा लिहिलेला असतो, आपल्याकडच्या अवकाळी सरीला २००० मिलिमीटर पुरतो, तळाला त्याहून जास्त हवा. दोन दारं असतील तर रात्री उठणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागत नाही. पन्नाशीत या एका गोष्टीसाठी तुम्ही स्वतःचे आभार मानाल.

तंबू कसाही असो, जागा चुकली की संपलं. आमची चुकली ती रतनवाडीला. ऑक्टोबर होता, अमृतेश्वराच्या देवळापासून थोडं पुढे ओढ्याच्या कडेला हिरवीगार, गादीसारखी सपाट जागा दिसली. आम्ही दोघं तंबू उघडत होतो तेवढ्यात म्हशी घेऊन चाललेले एक मामा थांबले. “ताई, तिथं नका लावू. वर गरजलं की पाणी तिथनंच येतंय.” आकाशात ढग नव्हते. नवऱ्यानं “हो हो” म्हटलं आणि ते वळणापलीकडे गेल्यावर आम्ही तिथेच तंबू ठोकला. रात्री साडेदहाला वरच्या अंगाला वीज चमकायला लागली. अकराला तंबूचा तळ पलंगावरच्या पाण्याच्या गादीसारखा हलायला लागला. सगळं कवटाळून वरच्या बांधावर गेलो आणि उरलेली रात्र मामांच्याच ओसरीवर काढली. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. सकाळी ती जागा पाहिली तेव्हा जे आदल्या दिवशीही दिसत होतं ते कळलं. तिथलं गवत सगळं एकाच दिशेला झोपलेलं होतं.

त्या दिवसापासून मी जागा अशी पारखते.

आधी खाली बघायचं. गवत एकीकडे लवलेलं, काड्या-पाचोळा एका रेषेत साचलेला, गोल गोटे पसरलेले, यातलं काही दिसलं तर ती पाण्याची वाट. धरणाकाठी असाल तर काठावर ओलीची जुनी रेघ दिसते, तिच्या वर राहायचं. मग वर बघायचं. सुकलेली फांदी आणि आग्या मोहोळ, दोन्ही नको. कड्याला किंवा मोठ्या झाडाला काळसर पोळी लटकलेली दिसली तर तिथे धूर नाही, आरडाओरड नाही, अत्तर नाही, जागाच बदला. मग चहूकडे बघायचं. एकटं उंच झाड किंवा उघडी धार असेल तर विजेच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात, तिथे नाही. शेवटी आडवं व्हायचं, तंबू न लावता, नुसती चटई टाकून. डोकं चढाकडे येईल असं. दोन मिनिटांत कळतं कुठला दगड बरगडीत घुसतो ते.

मग उभारणी. तळाखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान हवी, दुमडून आत घ्या. बाहेर राहिली तर वरच्या कापडावरून ओघळलेलं पाणी ती झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणते. दार वाऱ्याकडे पाठ करून. खुंट्या तंबूपासून लांब कललेल्या ठोकायच्या आणि दोरीशी साधारण काटकोन करायचा. आपल्या सह्याद्रीत अर्ध्या वेळा खाली कातळच असतो, खुंटी शिरतच नाही. तेव्हा दोरी आडव्या काठीला बांधा, काठी जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर मोठा दगड. नुसता दगड बांधला तर दोरी घासून तुटते किंवा निसटते. वरचं कापड आतल्या थराला टेकता कामा नये, ते ताणून घ्या, आणि हवेची झडप थंडीतही उघडी ठेवा. श्वासाची वाफ बाहेर गेली नाही तर पहाटे तुमच्यावर तुमचाच पाऊस पडतो.

तंबूत शेगडी, निखारे, गॅस काहीही पेटवायचं नाही. थंडी कितीही असो. निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

मूल बरोबर असताना

या टप्प्यावर अंतर बदलतं. आधी पायथ्यापासून गडापर्यंत मोजायचो, आता गाडीपासून तंबूपर्यंत मोजा. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत दोनशे मीटरच्या आत ठेवा. रात्री एकला ताप आला, ओकारी झाली, किंवा नुसतंच “घरी जायचं” सुरू झालं तर सामान तिथेच सोडून पंधरा मिनिटांत गाडीत बसता आलं पाहिजे. हा मार्ग मोकळा आहे एवढं माहीत असलं की आई-बापांनाही झोप लागते.

पहिली रात्र डोंगरात नको. आम्ही लेकीसाठी तीन टप्पे केले. पहिल्या शनिवारी तंबू हॉलमध्ये, सोफा सरकवून. दुसऱ्या शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर, ज्यासाठी सेक्रेटरींची परवानगी काढणं कळसूबाईपेक्षा अवघड गेलं. तिसऱ्यांदा भंडारदरा. तोवर तिला तंबूची चेन स्वतः लावता येत होती, आणि अंधारात तंबूचं कापड कसं वाजतं तेही कळलं होतं. वाऱ्यानं फडफडणाऱ्या कापडाला मुलं घाबरतात, जनावराला नाही.

जागेवर दुपारी चारच्या आत पोचा. मुलाला उजेडात सगळी जागा फिरवून दाखवा, हे झाड, ही गाडी, इथे शू करायची. प्रत्येक मुलाला स्वतःची छोटी विजेरी आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी फक्त हरवल्यावर वाजवायची, हे पहिल्या तासाभरात पन्नासदा वाजवून झाल्यावर समजतं. जेवण घरचंच, नवे प्रयोग नकोत. मऊ भात, मेतकूट, तूप. घरी झोपताना जी गोधडी लागते तीच न्या, नवी कोरी झोपायची पिशवी मुलांना परकी वाटते.

तंबूची जाळी सूर्य मावळायच्या आधी बंद करा आणि नंतर येता-जाता लगेच ओढा. डास हे एक कारण, दुसरं मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि उघड्यावर जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही येत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पहाटे कुणाला पापण्या जड होणं, गिळायला त्रास, पोटात दुखणं असं काही झालं तर वाट बघू नका. कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करू नका, हालचाल कमी ठेवा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोचा. १०८ ला फोन करा, पण गाडी हाताशी असेल तर निघा. बंद चेनच्या तंबूत हा धोका जवळजवळ उरत नाही. बूट रात्री आत घ्या, सकाळी झटकून घाला. लहानांचे बूट तुम्ही झटका.

तयार कॅम्पवर जाणार असाल तर फोटो बघून पैसे भरू नका. एका तळ्याकाठच्या कॅम्पनं आम्हाला “शांत, कौटुंबिक” असं सांगितलं होतं. रात्री दोन वाजेपर्यंत शेजारच्या आवारातल्या स्पीकरवर जे वाजत होतं त्यावर तंबूची काठीसुद्धा ताल धरत होती. त्यामुळे आता फोन करून नेमकं विचारते. आवाज किती वाजता बंद होतो? तुमच्याकडचाच नाही, शेजारचाही? शौचालयं किती आणि तंबूपासून किती पावलांवर? पाण्यात उतरू देता का, लाइफ जॅकेट लहान मापाची आहेत का? राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का? शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर मी दुसरा नंबर लावते. आणि जॅकेट असो वा नसो, धरणाच्या पाण्यात मुलांना उतरवू नका. काठ गाळाचा असतो, दोन पावलांवर एकदम खोल होतो, आणि पोहता येणारी माणसंही तिथे बुडतात.

चाळिशी-पन्नाशी

हा टप्पा लोक नाकारतात, म्हणून इथेच सगळ्यात जास्त सॅक माळ्यावर जातात. फार लिहिण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे.

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या सातव्या भागावर नेऊ नका, साठ किलोच्या माणसाला साडेआठ किलो झालं. पाणी माणशी चार लिटर लागतं, म्हणजे चार किलो तिथेच गेले. यावर दोन उपाय आहेत. पाणी असलेल्या जागीच मुक्काम करायचा, किंवा गावातल्या एखाद्या तरुणाला सोबत घ्यायचं आणि त्याला नीट पैसे द्यायचे. भाव आधी ठरवा, परत येताना घासाघीस करू नका. टाक्यातलं पाणी उकळून घ्या किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

पाठीसाठी हवेची गादी घ्या, पण तिच्याखाली कॅरीमॅट असू द्या. गादी पहाटे फुसकन बसते, आणि ती बसली की खाली पुन्हा १९८४ असतं. मांडीखाली उशी घातली की पाठीवर झोपणाऱ्याची कंबर सुटते, घडी केलेलं जॅकेट पिशवीत कोंबून तेच करा. उतरताना दोन काठ्या वापरा. गुडघे चढताना बोलत नाहीत, उतरताना हिशेब मागतात.

बायकांना या वयात झोपायच्या पिशवीत अचानक भट्टी पेटल्यासारखं होतं आणि दहा मिनिटांनी घामानं गारठायला होतं. पायापर्यंत पूर्ण उघडणारी पिशवी घ्या, पांघरुणासारखी वापरा, आणि कोरडा कॉटनचा कुर्ता उशाशी ठेवा. मला हे कळायला तीन मुक्काम लागले. घोरणाऱ्याला वेगळा तंबू, तीस पावलांवर. यात भावना आणू नका.

साठीनंतर

आता जमिनीवरून उठणं हेच मोठं काम. म्हणून जमीन सोडा. घडीची खाट सात-आठ किलोची असते, गाडीत मावते, आणि तिच्यावर बसून बूट घालता येतात. खाटेखालून वारा जातो म्हणून खालून गार लागतं, तेव्हा खाटेवर आधी कॅरीमॅट, मग गादी. माणूस उभा राहू शकेल एवढ्या उंचीचा तंबू घ्या, वाकून चेन उघडताना चक्कर येते.

रात्रीची वाट दिवसा तयार करा. तंबूपासून शौचालयापर्यंत रोवलेल्या काठ्यांना पांढरी दोरी कमरेच्या उंचीवर बांधा, तिच्यावर सौर दिवे अडकवा, वाटेतले दगड हातानं बाजूला करा. तंबूच्या ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, साठीतले बहुतेक लोक गडावर पडत नाहीत, त्या दोऱ्यांत अडकून पडतात. कमोडची घडीची खुर्ची मिळते, ती आडोशाला मांडली की निम्मी भीती जाते. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भंडारदऱ्याला आल्या त्या या एका खुर्चीवर. बाकी सगळ्या व्यवस्थेकडे त्यांनी “हे कशाला एवढं” म्हणून बघितलं होतं.

रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी उठल्यावर मिनिटभर खाटेवरच बसायचं, मग उभं राहायचं. मधुमेह असेल तर उशाशी साखर किंवा ग्लुकोज हवंच, दिवसभर चालल्यामुळे साखर रात्री उतरू शकते. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मातीच्या ओल्या मडक्यात कोरड्या डब्यात बंद करून ठेवा. गोळ्यांचे दोन संच करा, एक स्वतःकडे, एक सोबत्याकडे. आधीच डॉक्टरांना विचारा की पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, संध्याकाळऐवजी सकाळी घेतली तर चालेल का. मला चाललं, आणि रात्रीच्या दोन फेऱ्या कमी झाल्या.

जागा अशी घ्या की मोबाइलला रेंज आहे आणि तासाभरात रुग्णालय आहे. हे दोन्ही आदल्या दिवशी तपासा, त्याच कंपनीच्या कार्डावर. महिना फेब्रुवारी. डिसेंबरात सांधे धरतात, मार्चमध्ये दुपार सोसत नाही. तिथी पौर्णिमेच्या आसपासची, विजेरी कमी लागते. काजव्यांसाठी मेअखेर-जूनला जायचं असेल तर तंबूचा हट्ट सोडा आणि गावात खोली घ्या, त्या दिवसांत वळीव कधीही झोडपतो आणि भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गर्दीही असते.

आमच्या चौघींचा येत्या फेब्रुवारीचा कागद समोर आहे. खाटा चार, तंबू तीन, कारण एक जण घोरते आणि ते तिनं स्वतःच मान्य केलंय. दोरी वीस मीटर. गुडघ्याचे पट्टे. स्वयंपाक नाही, जेवण गावातल्या मावशींकडे सांगितलंय, चहा मात्र आमचा आम्ही करणार. त्यासाठी पंपाचा जुना स्टोव्ह माळ्यावरून काढलाय. पिन दोरीनं टाकीलाच बांधून ठेवली आहे.